‘रागावले नाहीत’ एवढ्यावरच समाधान?

काही महिन्यांपूर्वी मालेगाव तालुक्यातील एका ग्रामीण रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. आमच्या शेतावर कांदा लागवडीच्या दिवसांत कामाला येणाऱ्या एका आजींचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. ‘दवाखान्यात चला’ म्हटले की त्या विषय बदलत. शेवटी गाडीत बसवूनच नेले. नऊ वाजता केसपेपर काढला. डॉक्टरांसमोर उभे राहायला साडेअकरा वाजले. तपासणी दोन मिनिटांत उरकली. चिठ्ठीवरील तीन औषधांपैकी दोन खिडकीवर मिळाली, तिसरे बाहेरून घ्यायला सांगितले. थुंकीची तपासणी दुसऱ्या दिवशी, म्हणजे आणखी एक रोजगार बुडणार. परतताना विचारले, “आजी, कसा वाटला दवाखाना?” त्या क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, “चांगला वाटला भाऊ. रागावले नाहीत.”

हे वाक्य अजून मनातून जात नाही. अडीच तासांची रांग त्यांनी गृहीत धरली होती. बाहेरून आणावे लागणारे औषधही गृहीतच होते. सरकारी दवाखान्यात आपल्यावर कोणीतरी ओरडणार, हेही त्या घरून धरूनच निघाल्या होत्या. ते घडले नाही, म्हणून त्या समाधानी झाल्या. एखाद्या सर्वेक्षकाने त्यांना गाठले असते, तर ‘समाधानी रुग्ण’ या रकान्यात त्यांची नोंद झाली असती आणि त्या रुग्णालयाच्या गुणांकनात भर पडली असती. असे समाधान हे आरोग्यव्यवस्थेचे यश मानायचे, की समाजाच्या विवेकबुद्धीला लागलेली टोचणी मानायची?

समाधानाचे मोजमाप

आपल्याकडे ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात, त्यालाच केंद्र शासनाच्या परिभाषेत सामुदायिक आरोग्य केंद्र असे नाव आहे. मैदानी प्रदेशात एक लाख वीस हजार आणि डोंगराळ वा वनवासी भागात ऐंशी हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे, तेथे तीस खाटा असाव्यात, शल्यचिकित्सक, भिषक्, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, ही या योजनेमागची मूळ कल्पना आहे. उपचाराचे पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडून ठेवले होते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. गावोगावी ‘आशा’ कार्यकर्त्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. स्वच्छ रुग्णालयांना पुरस्कार देणारी ‘कायाकल्प’ योजना २०१५ साली, तर रुग्णाचे मत थेट त्याच्या भ्रमणध्वनीवरून विचारणारी ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा निःशुल्क झाल्या. ही पावले स्वागतार्ह आहेत आणि त्यांचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

परंतु ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नसते. समाधान हे जे मिळाले त्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ज्याची अपेक्षा केली होती त्यावरही असते. ज्याने आयुष्यभर काहीच मागितले नाही, तो थोडक्यात तृप्त होतो. आजारपणाच्या नोंदींतही हाच चमत्कार दिसतो. केरळमध्ये आयुर्मान बिहारपेक्षा अधिक आहे. तरीही ‘मी आजारी आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळमध्येच अधिक आढळते. याचा अर्थ केरळी माणूस अधिक दुबळा आहे असा नव्हे. आपल्याला काय होते आहे हे तो ओळखतो आणि त्यावर उपचार मिळाले पाहिजेत असे मानतो, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा गरीब रुग्णाच्या समाधानाचा आकडा समोर आला की प्रथम हे विचारावे की, या माणसाला आपण अपेक्षा करायला तरी शिकवले आहे काय?

दुसरीकडे, ज्यांना अपेक्षा करता येते त्यांचे मत काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांनी आपण सामान्यतः सरकारी आरोग्यसेवा घेत नाही असे सांगितले. कारणांमध्ये सेवेचा निकृष्ट दर्जा, फार वेळ ताटकळणे आणि जवळपास सोय नसणे ही तीन कारणे अग्रभागी होती. म्हणजे निम्मा समाज असमाधानी होऊन दवाखान्याबाहेर पडला आहे आणि उरलेल्यांपैकी अनेक जण पर्याय नाही म्हणून ‘समाधानी’ आहेत.

चरकाचार्यांचे चार पाद

रुग्णसेवेची गुणवत्ता कशी पारखावी, याविषयी आधुनिक जगात एवेडिस डोनाबेडियन यांचा १९६६ सालचा प्रबंध पायाभूत मानला जातो. रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी त्यांनी सेवेकडे पाहिले. आपल्या परंपरेत चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे ते चार पाद होत. प्रत्येकाचे चार गुण आहेत आणि अशा सोळा गुणांचा मेळ बसला तर चिकित्सा सफल होते, अशी ही मांडणी आहे. केवळ अभिमानापोटी हा उल्लेख करीत नाही. आजच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्ण समाधानी का होतो अथवा का होत नाही, हे समजण्यासाठी ही चौकट आजही उपयोगी पडते.

वैद्याकडे शास्त्राचे ज्ञान, अनुभव, दक्षता आणि शुचिता हवी. औषध मुबलक आणि योग्य हवे. परिचारकाजवळ कौशल्य आणि स्वच्छता तर हवीच, शिवाय रुग्णाविषयी अनुराग, म्हणजे जिव्हाळा हवा. जिव्हाळा हा शोभेचा अलंकार नसून सेवेचे आवश्यक अंग आहे, असे आपल्या पूर्वजांनी मानले होते. सर्वांत विचार करायला लावणारे आहेत ते रुग्णाचे गुण. रुग्ण निर्भय असावा आणि आपली व्यथा त्याला सांगता यावी, अशी अपेक्षा तेथे केली आहे. आता आमच्या आजींकडे या दृष्टीने पाहा. ओरडा बसेल या धाकाने जी स्त्री दवाखान्याची पायरी चढते, ती निर्भय कशी असेल? आणि दोन मिनिटांत ती आपली कोणती व्यथा सांगणार? रुग्णाला बोलते करणे हे वैद्याचे आणि परिचारकाचे काम आहे. तेथे कमतरता राहिली की निदानच चुकते. म्हणून गोड बोलणे हा केवळ शिष्टाचाराचा भाग मानता येत नाही, ते उपचाराचेच पहिले पाऊल आहे.

दोन मिनिटे, शुक्रवार आणि धुळ्याची चिठ्ठी

दोन मिनिटांचा हा अनुभव एकट्या आजींचा नाही. प्राथमिक उपचारांच्या वेळी डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात, याचा जगभरातील अभ्यासांवरून घेतलेला एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये ही वेळ सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात जेमतेम दोन मिनिटे भरली. मात्र येथे डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. दाराबाहेर शंभर माणसे उभी असतील तर तो तरी काय करील? देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके विशेषज्ञ हवेत, त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के नाहीतच, असे केंद्र शासनाची २०२२ सालची आकडेवारी सांगते. चार विशेषज्ञांच्या जागी एक असेल आणि त्याच्यावर बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे, शवविच्छेदन, न्यायालयाची साक्ष आणि वरिष्ठांच्या बैठका यांचा भार असेल, तर त्याच्या कपाळावर आठी दिसणारच. सेवा देणारा थकलेला आणि अपमानित असेल तर सेवा घेणारा समाधानी होऊ शकत नाही.

विशेषज्ञ नसला की उरतो तो ‘रेफर’ हा शब्द. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातील माणसाला या शब्दाचा अर्थ नेमका ठाऊक आहे. रात्री-अपरात्री पन्नासएक किलोमीटरवरचे धुळे किंवा शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नाशिक, असा तो अर्थ. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला भाऊसाहेब हिरे यांचे नाव आहे. भाऊसाहेब हे मालेगावच्याच मातीतले नेते. मालेगावच्या सुपुत्राच्या नावाचे रुग्णालय गाठण्यासाठी मालेगावच्या बाळंतिणीला जिल्ह्याची सीमा ओलांडावी लागते, यातील विसंगती कोणाही संवेदनशील माणसाला बोचल्यावाचून राहणार नाही.

वेळेचा प्रश्न आणखी एका बाजूने पाहण्यासारखा आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. येथील कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत राबतो आणि त्याची आठवड्याची सुट्टी असते शुक्रवारी. सरकारी कार्यालयांची घडी मात्र रविवारची. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा आणि कामगाराची पाळीही सकाळची. दवाखान्यात जायचे तर मजुरीवर पाणी सोडायचे. तीच गोष्ट डाळिंबाच्या बागेत वा कांद्याच्या वावरात राबणाऱ्या मजुराची. उपचार निःशुल्क झाले, पण बुडालेली मजुरी, बसचे भाडे आणि बाहेरून आणलेले औषध यांचा हिशेब कोणत्याच शासननिर्णयात नाही. म्हणूनच संध्याकाळी उघड्या असलेल्या गल्लीतल्या दवाखान्याकडे, प्रसंगी पदवी नसलेल्या माणसाकडेही, पावले वळतात. तो भेसळीचे सलाईन लावतो की अनावश्यक सुई टोचतो, हे रुग्णाला कळत नाही. तो नावाने हाक मारतो, उधार ठेवतो आणि रात्री नऊला भेटतो, हे कळते. राज्य शासनाने १ मे २०२३ रोजी हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने राज्यभर ‘आपला दवाखाना’ योजना सुरू केली, तेव्हा दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठेवली. वेळ लोकांच्या सोयीची असावी, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. तेच ग्रामीण रुग्णालयापर्यंत का पोहोचू नये?

व्यथा कोणत्या भाषेत सांगायची?

कसमादे भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. मोसम नदीच्या पलीकडच्या मोहल्ल्यांत उर्दू ऐकू येते, तर कळवणच्या डोंगरांतून येणाऱ्या वनवासी बांधवांची बोली वेगळीच. लातूर-सांगलीहून नेमणुकीवर आलेल्या तरुण डॉक्टरला पोटातल्या दुखण्याचे अहिराणी वर्णन कळत नाही आणि त्याची पुस्तकी मराठी रुग्णाला कळत नाही. मग दोघेही मान हलवतात. गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची एवढे जरी रुग्णाला त्याच्या बोलीत कोणी समजावले, तरी अर्धे काम होते. अशा वेळी तेथील स्थानिक सिस्टर, मावशी आणि ‘आशा’ ताई यांचे मोल कळते. रुग्णालयाचा चेहरा पाहायला गेले तर त्याच असतात. रुग्णाच्या आठवणीत राहतो तो त्यांचा शब्द. त्यांच्या मानधनाचा आणि मानाचा प्रश्न म्हणूनच रुग्णाच्या समाधानाशी बांधलेला आहे.

याबाबत गडचिरोलीचा धडा साऱ्या देशाने घ्यावा असा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तेथे गेले, तेव्हा गोंड बांधव सरकारी रुग्णालयात जायला का कचरतात हे त्यांनी त्यांनाच विचारले. उत्तरे अनपेक्षित होती. मोठ्या इमारतीत वाट हरवल्यासारखे होते. नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत. पांढरे वस्त्र आमच्यात मृताला गुंडाळतात आणि तेथे सारे पांढऱ्या कपड्यांतच वावरतात. जेथे आमची देवता नाही तेथे बरे कसे वाटणार? बंग दांपत्याने शोधग्राममध्ये रुग्णालय उभारताना झोपड्यांची रचना केली, नातेवाइकांना सोबत राहू दिले आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. शास्त्र तेच राहिले, पण दवाखाना आपला झाला. श्रद्धा आणि संस्कृती यांना दाराबाहेर ठेवून आलेली आधुनिकता येथे परकी ठरते. त्यांचा हात धरून आली तर ती घरची होते. आमच्या धोरणकर्त्यांनी पाश्चात्त्य नमुन्याचे आराखडे गिरविताना हा विचार केला असता, तर कित्येक ग्रामीण रुग्णालयांत बाळंतिणीच्या आईला व्हरांड्यात फरशीवर रात्र काढावी लागली नसती.

विश्वास तुटतो तेव्हा

रुग्णाचे समाधान हा काही ऐषारामाचा विषय नाही. त्यावर जीव अवलंबून असतात. सव्वाशे वर्षांपूर्वीचे पुणे आठवून पाहावे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रँडच्या हुकुमाने गोरे सोजीर घराघरांत घुसले. देवघरे आणि स्वयंपाकघरे त्यांनी विटाळली, स्त्रियांची विटंबना झाली. साथ आटोक्यात आणण्याचा हेतू सांगितला जात होता, पण परिणाम उलटा झाला. लोक रुग्ण लपवू लागले. त्या संतापाचा स्फोट २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या पिस्तुलातून झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालविला. रुग्णाला स्वतः उचलून आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. लोकमान्यांनीही पुढाकार घेऊन हिंदू प्लेग रुग्णालय उभे केले. रोग तोच, गाव तेच. एका ठिकाणी माणसे पळून गेली आणि दुसऱ्या ठिकाणी विश्वासाने आली.

मालेगावने हा धडा २०२० मध्ये पुन्हा गिरविला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि दोन महिन्यांच्या आत ही संख्या शेकड्यांत गेली. बंदोबस्तावरील शंभराहून अधिक पोलीस बाधित झाले. दाट वस्ती हे कारण होतेच, पण अविश्वास हे त्याहून मोठे कारण होते. सर्वेक्षणाला येणाऱ्या पथकांकडे संशयाने पाहिले गेले, अफवांचे पीक आले आणि लक्षणे लपविली गेली. खासगी दवाखाने बंद असल्याने इतर आजारांचे रुग्णही होरपळले. पुढे प्रशासनाने स्थानिक डॉक्टरांना दवाखाने उघडायला लावले, धर्मगुरूंना आणि वस्तीतील प्रमुखांना सोबत घेतले, युनानी काढ्यासारख्या लोकांच्या परिचयाच्या उपायांनाही वाव दिला. तेव्हा चित्र पालटले आणि जुलैपर्यंत साथ पुष्कळ अंशी आटोक्यात आली. ज्या गावाची चर्चा एरवी दंगली आणि बॉम्बस्फोट यांपलीकडे जात नाही, त्याची चर्चा ‘मालेगाव पॅटर्न’ म्हणून झाली.

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. मालेगावच्या मतांवर दशकानुदशके राजकारण झाले. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर जखमींवर उपचार करताना गावातील वैद्यकीय सोयी अपुऱ्या पडल्या, तेव्हा कुठे या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष गेले. मतपेढीच्या राजकारणाने भावनांची भरपूर मशागत केली, पण दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीवर डॉक्टर बसविला नाही. नदीच्या अलीकडच्या हिंदूला नाही आणि पलीकडच्या मुसलमानालाही नाही. लांगूलचालनाने कोणत्याही समाजाचे भले होत नाही, याचा याहून सज्जड पुरावा कोणता? ताप हिंदू-मुसलमान ओळखत नाही, आणि सेवा करणाऱ्यानेही ते ओळखू नये, हीच आपली परंपरा आहे.

आपण कोठे आहोत?

आता प्रश्न आपल्याकडे वळवू या. या साप्ताहिकाच्या वाचकांपैकी किती जणांनी गेल्या पाच वर्षांत आपल्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतःचा केसपेपर काढला आहे? प्रस्तुत लेखकाचे उत्तरही ‘एकदाही नाही’ असेच आहे. आजींना घेऊन गेलो, स्वतःसाठी कधी गेलो नाही. विमा आहे, गाडी आहे, नाशिकला ओळखीचे डॉक्टर आहेत. ज्याला अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्याला प्रश्न विचारता येतो, वृत्तपत्रात पत्र पाठविता येते, तो शिकलेला मध्यमवर्ग सरकारी दवाखान्यातून केव्हाच बाहेर पडला. मागे राहिले ते ‘रागावले नाहीत’ एवढ्यावर समाधान मानणारे. तक्रार करू शकणारा माणूस ज्या संस्थेतून निघून जातो, ती संस्था सुधारण्याचे कारणच उरत नाही. सरकारी शाळांचे हेच झाले, दवाखान्यांचेही हेच झाले. मग आपण दूर बसून म्हणतो की सरकारी कारभार असाच असतो.

आपण समरसतेची भाषा बोलतो. समाजातील शेवटच्या माणसाच्या उदयाचे, अंत्योदयाचे स्वप्न पंडित दीनदयाळजींनी आपल्यासमोर ठेवले. त्या शेवटच्या माणसाची आणि आपली भेट दवाखान्याच्या रांगेत होत नसेल, तर ती कोठे होणार? उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. रुग्ण दगावला की डॉक्टरवर हात उगारणे, काचा फोडणे हे प्रकार वाढले, म्हणून राज्याला २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दवाखान्याशी आपले नाते एक तर पूर्ण अलिप्ततेचे, नाही तर तोडफोडीचे. मालकीचे नाते मधल्या मध्ये हरवले आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे उपलब्ध दारे उघडणे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. ही कल्पना १९९४ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात जन्मली. अस्वच्छतेने आणि उंदरांनी ग्रासलेले ते रुग्णालय लोकांच्या सहभागातून नव्याने उभे राहिले आणि तोच नमुना पुढे देशभर स्वीकारला गेला. बहुतेक ठिकाणी ही समिती कागदावर सह्यांपुरती उरली आहे. आपल्या तालुक्याच्या समितीत कोण आहे, तिची बैठक केव्हा झाली, निधी कशावर खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकऱ्यांनी उभे राहून प्रश्न विचारले आणि अधिकाऱ्यांनी उत्तरे दिली. ते काम करणाऱ्या अनेक संस्था आपल्या विचारांच्या नव्हत्या. म्हणून त्यांची पद्धत त्याज्य ठरत नाही. चांगले ते घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे सेवेचा हात. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनेक गावांत चाकांच्या खुर्च्या, खाटा, कुबड्या अल्प शुल्कात देतात. लातूरला १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या शहरातील संधी सोडून विवेकानंद रुग्णालय उभारले. २०१९ च्या पद्मभूषण सन्मानाने त्या व्रताची दखल देशाने घेतली. संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय आणि नाशिकचे श्रीगुरुजी रुग्णालय हीदेखील त्याच वाटेवरची नावे. पण अशा संस्था दीपस्तंभासारख्या असतात, त्या किती उभ्या राहणार? तालुक्या-तालुक्यातील सरकारी रुग्णालयाला पर्याय नाही. म्हणून आपल्या संस्थांत जो जिव्हाळा आपण जोपासला, तो सरकारी भिंतींच्या आत नेणे हे पुढचे काम आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ दोन कार्यकर्त्यांनी बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी बसावे. अशिक्षिताला कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगावे, गोळ्या कशा घ्यायच्या ते त्याच्या बोलीत समजावावे, बाळंतिणीच्या सोबतिणीला चहा आणि सतरंजी द्यावी. निवृत्त शिक्षकाने औषधांच्या साठ्याचा फलक रोज लिहिला जातो की नाही ते पाहावे. भगिनी मंडळांनी ‘आशा’ ताईंचा आणि सिस्टरांचा वर्षातून एकदा तरी गौरव करावा. चांगल्या डॉक्टरची बदली होऊ लागली तर त्याच्यासाठी गावाने उभे राहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साध्या खोकल्या-तापासाठी, रक्तदाबाच्या तपासणीसाठी, मुलांच्या लसीकरणासाठी आपण स्वतः सहकुटुंब त्या रांगेत उभे राहावे. आपण रांगेत असलो की रांगेतल्या माणसाशी बोलण्याचा सूर आपोआप बदलतो, हा अनुभव घेऊन पाहावा.

शासनानेही समाधानाचा आकडा मागताना आपले प्रश्न बदलावेत. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असे विचारण्याऐवजी ‘डॉक्टरांनी तुमचे म्हणणे पूर्ण ऐकले का? चिठ्ठीवरील सर्व औषधे येथेच मिळाली का? तुमची किती मजुरी बुडाली? घरच्या माणसाला येथे पुन्हा आणाल का?’ असे विचारावे. उत्तरे कमी सुखद येतील, पण खरी येतील. रिक्त पदे भरणे, डॉक्टरांना राहण्याजोगे निवासस्थान देणे आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ मजुरांच्या सोयीने ठरविणे ही त्याची जबाबदारी आहे. ती लोकांच्या सेवाभावावर ढकलता येणार नाही.

आजींच्या थुंकीचा अहवाल आला, तो सुदैवाने निर्दोष होता. खोकला पुढे थांबला. परवा बांधावर भेटल्या तेव्हा म्हटले, “आजी, आता पुन्हा काही झाले तर दवाखान्यात जाल ना?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही संगे आले तर जाईन.”

समाधान कशाने घडते, या प्रश्नाचे त्यांच्यापुरते उत्तर या वाक्यात आले. शेजारी उभे राहणारे आपले माणूस त्यांना हवे आहे. ते माणूस होण्याची आपली तयारी आहे काय?